पाच मिनिटांची तपासणी

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले मोठे सर्जनसाहेब, आणि समोर बसलेले डॉक्टर, सिस्टर, लिफ्टवाले, सगळेच. मी ऑपरेशन थिएटरचा मदतनीस, तुमचा मामा. सातवीपर्यंत शिकलोय, म्हणून कागदावर बघून बोलतो. माईक सुरू आहे ना? मागे ऐकू येतंय?

साहेबांच्या हाताचं सगळ्यांनी कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, हात आहेच तसा. पण बायपास करताना हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिमटा लावतात. ती आतून गंजक्या नळासारखी असली, तर चिमट्याने खपली सुटते आणि थेट मेंदूत जाते. माणूस लुळा पडतो, नाहीतर त्याची वाचा जाते. म्हणून चिमट्याआधी सोनोग्राफीने ती जागा बघायची. पाच मिनिटं लागतात. हे माझं ज्ञान नाही, आपल्या धाकट्या डॉक्टरबाईंचं आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोचं बायपास होतं. सोनोग्राफीचं मशीन मीच पुसून टेबलाशी ठेवलं होतं. साहेब म्हणाले, "मामा, तो डबा सरकवा बाजूला. माझं बोट सगळं सांगतं." मी सरकवला. माझ्या याच हातांनी. मग बाहेर बाकावर जाऊन बसलो.

ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. दिवसभर मला टोमणे मारणारी बाई आता फक्त 'हो' म्हणते. साहेबांनी राउंडला विचारलं, "काय आजी, बरं वाटतंय ना?" ती म्हणाली, "हो." साहेबांनी तेच लिहून टाकलं.

सिस्टर, खुणा करू नका. दोनच मिनिटं दिली होती, माहीत आहे मला. पण सहा वर्षं चारचौघांत गप्प बसलोय ना?

प्रत्येक बायपासला ही तपासणी करावी, असा मी तीनदा अर्ज दिला. तिन्हीवर साहेबांचा शेरा, 'गरज नाही.'

चार महिन्यांपूर्वी साहेबांचंच बायपास निघालं. स्ट्रेचर मी ढकलत होतो. साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मामा, मशीन आत आहे ना? डॉक्टरबाईंना म्हणावं, आधी बघा." बघितलं. बोटाला कधीच न कळणारी मऊ खपली तिथेच होती. बाईंनी चिमट्याची जागा बदलली. आज साहेब वीस मिनिटं बोलले, एकदाही अडखळले नाहीत. मी घड्याळ लावून ऐकलं.

साहेब, वर बघा. चौथा अर्ज माझ्या खिशात आहे. संध्याकाळपर्यंत विभागप्रमुख तुम्हीच आहात. या सगळ्यांसमोर सही करा. नाही म्हणायचं असेल, तर माझ्या बायकोकडे बघून म्हणा.

अध्यक्षबाई, बोलू दिलंत, आभारी आहे. शब्द कमीजास्त झाला असेल, तर सभेने पोटात घालावा. साहेबांना मात्र मी माफ केलेलं नाही. सही केलीत तरी करणार नाही.

हे पेन घ्या.