माशाचा लाल रंग

दवाखान्याच्या ओट्यावर रांगेत गोजरबाईच्या पुढं दोघं बसले होते. एक तांड्यावरचा अमरसिंग. दुसरा तुळशीची माळ घातलेला सटवाजी, मांडीवर आजारी पोरगी.

“हैदराबादेत नबाबाचे मासे सांभाळायचो. काचेच्या हौदात, समिंदरातले, कुंकवावानी लाल,” सटवाजी सांगत होता.

“मंग नोकरी काहून सोडली?”

“काढलं. त्येंला बारके झिंगे चारायचे व्हते. मी माळकरी. कणकीच्या गोळ्या चारल्या. दोन महिन्यांत मासे पांढरेफटक.”

“रोग पडला?”

“न्हाई. तिथला साहेब म्हनला, ह्यो लाल रंग माशाच्या अंगात बनतच न्हाई, झिंग्यातून येतो.”

“आन् पोरीला काय झालं?”

“अंगात रगत न्हाई. डाक्तर म्हनतो, बकऱ्याची कलेजी चार. तिच्या माईलाबी हेच सांगितलं व्हतं.”

“चारली?”

“घरात माळ हाय, भाऊ. गव्हाची खीर चारली. आखाडात गेली ती.”

“आता पोरीला तरी चार!”

“खीर चारूनच राहिलो.”

सटवाजीनं पोरीची पापणी खाली ओढली आणि तो मागं वळला.

“बाई, तुमी बघा. आतून लाल हाय ना?”

पापणी आतून चुन्यासारखी पांढरी होती. गोजरबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“हाय, दादा. जराशी हाय.”

“म्हंजी खीर लागू पडून राहिली,” सटवाजी म्हणाला, आणि पोरीला खांद्यावर टाकून रांगेतून उठला.