सत्तावीसचा पाइप

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार कटकटे! अहो, तेलाच्या विहिरीत उतरणारा एकेक पाइप तपासतोय मी, एकवीस वर्षं, आणि मला बघून आजवर एक माणूस हसलेला नाही! तुम्हाला सांगतो, मी आपला बघतो, मोजतो, नको तो बाद करतो... चुकलं काय माझं?

बरं, विहीर कसली? तेलाबरोबर विषारी वायू ओकणारी! सडक्या अंड्यांसारखा वास. आणि वास यायचा थांबला, की आनंद नाही मानायचा, पळायचं! कारण नाक गेलेलं असतं, पुढचा नंबर आपला! हा वायू माणसाला सोडत नाही, तो पोलादाला सोडतोय? नुसता गंज नाही हो, आतून तडा! आणि गंमत बघा, पोलाद जितकं कडक, तितकं लवकर तडकतं. मऊ बिचारं सोसतं. म्हणून कडकपणाचा आकडा बावीस. वर गेला, बाद!

तर मागच्या आठवड्यात नवे पाइप आले. कडकपणा मोजायचं यंत्र टेकवलं, सत्तावीस! दुसरा, सत्तावीस! मी खडू घेऊन फुल्या मारत सुटलो. साहेब धावत आले, "अहो, अहो, काय करताय! पुरवठादाराने त्याच भावात जास्त मजबूत माल दिलाय, आणि तुम्ही फुल्या मारताय?" मागून विहीर खोदणारा ड्रिलर, "काका, सगळं काम अडलंय, सोडा ना आता!" म्हटलं, "बाबा रे, या विहिरीवर चाळीस जण आहेत. तुझ्यासकट सगळे धड घरी जायला हवेत मला!" साहेब लालबुंद. "तीन दिवस देतो. सिद्ध करा, नाहीतर उद्यापासून... म्हणजे चौथ्या दिवसापासून गोदामात बसा!"

बसतो की! पण मी काय केलं, त्याच पाइपाची पट्टी कापली, ताणून वाकवली, आणि प्रयोगशाळेत तोच वायू विरघळवलेल्या पाण्यात बुडवली. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, काही नाही. साहेब गालात हसतायत. मी दर तासाला जाऊन पट्टी बघतोय! आणि तिसऱ्या दिवशी, साहेबांच्या डोळ्यांदेखत... टक्! दोन तुकडे!

साहेब खुर्चीत बसले. हळूच म्हणाले, "हा खाली असता तर?" म्हटलं, "तर हे विचारायला तुम्ही नसता, आणि सांगायला मी!" मग त्यांनी स्वतः उठून उरलेल्या पाइपांवर फुल्या मारल्या हो! मी आपला बघतो, मोजतो, नको तो बाद करतो... पण त्या दिवशी माझी छाती शर्टात मावेना!

तसाच घरी आलो. दारातूनच बायकोला म्हटलं, "अगं, आज आमच्या विहिरीवर काहीसुद्धा झालं नाही!"

ती म्हणाली, "मग एवढा उशीर कशाला केलात?"