भरल्या तांब्याची गाडी

जयाबाई : ठेवा तो फोन खाली आणि चार घास खावा. ऊन भिंतीवर चढलंय. दिवस मावळला की आपल्यात जेवत न्हाईत, उपाशीच ऱ्हाशीला, आणि मग रातभर पोटात जाळ पडला म्हणून मलाच उठवशीला.

पार्श्वनाथ : दोन मिनिटं. कोल्हापूरचं शोरूम अजून उघडं असतंय. आज फोन येणार बघ, माझं मन सांगायलंय.

जयाबाई : तुमचं मन गेल्या हप्त्यात बी सांगत हुतं. त्याच्या आधल्या हप्त्यात बी.

पार्श्वनाथ : इलेक्ट्रिक गाडी हाय ती, जया. वांगी न्हवंत, बाजारात गेलं आन पिशवीत घातली. दिवाळीत बुकिंग केलेली कैक माणसं अजून वाट बघायलेत.

जयाबाई : बघू देत की. त्यांच्या लेकींना परवा आठवा म्हैना लागत न्हाय.

पार्श्वनाथ : परवा? तेरवा न्हवं?

जयाबाई : परवा. मी दोनदा मोजलंय. लेकीला बाळंतपणाला आणायचं तर सातव्यात, न्हायतर नवव्यात. आठव्यात उंबऱ्याभायेर काढत न्हाईत. आणि नवव्यात बेळगावपासनं सदलग्यापर्यंत, ते बी तवंदीचा घाट उतरून... नगो रे देवा. आणायची असली तर उद्याच.

पार्श्वनाथ : उद्या आणू की. आज फोन आला, सकाळी गाडी ताब्यात घेतली, तशीच बेळगावात अनगोळला, ब्राह्मीच्या दारात गेली.

जयाबाई : आणि फोन न्हाय आला तर?

पार्श्वनाथ : येतोय गं.

जयाबाई : ब्राह्मीचा आलता दुपारी. "आई, पिशवी भरून ठेवलीय, कधी येतायसा?" म्हणाली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या खाटेवर. जावईबापू सकाळी कामावर गेले की अंधार पडल्यावर घरात. पोर एवढं पोट घेऊन सगळ्यांचं रांधायलीय. मला सांगताना हसत हुती, पर मला कळतंय की तिचं हसणं. तिला भ्या वाटायलंय. मला बी वाटायलंय. तुमाला तेवढं वाटत न्हाय.

पार्श्वनाथ : मला वाटत न्हाय? मला?

जयाबाई : मग परशरामला व्हय म्हणा. सकाळपासनं दोनदा दारात येऊन गेला. उद्या त्याला वाडीचं भाडं आलंय. दिवस मावळायच्या आत सांगा, न्हायतर मी तिकडं जातो म्हणालाय.

पार्श्वनाथ : परशरामची जीप! जनावराच्या बाजाराला जायची गाडी ती. बसल्यावर दात वाजत्यात. त्यात आणणार व्हय पोरीला? मागच्या बारीला कशातनं आणलीवती, इसरलीस?

जयाबाई : आता ते काढू नगा. जेवताना तर नगाच.

पार्श्वनाथ : दुकानाच्या टेम्पोतनं आणलीवती. पर्युषणाला. मागं पातेल्यांच्या चवडी, पुढं माझ्या शेजारी पोर. घाटात एक खड्डा चुकवला आणि दुसऱ्यात घातला. पातेली अशी वाजली...

जयाबाई : अवो, डॉक्टरीणबाईंनी तुमच्या तोंडावर सांगितलं न्हवं? गाडीनं काय झालेलं न्हाय. पयल्या तीन म्हैन्यांत पोट पडतंय कैकांचं, कुणाचा दोष नसतोय.

पार्श्वनाथ : त्या समजूत घालणारच. त्यांचं कामच हाय ते. दुकानात एखादं पातेलं पडलं की अजून मी गल्ल्यावरनं उठून उभा ऱ्हातोय. गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

जयाबाई : हं. घ्या, आमटी घ्या थोडी.

पार्श्वनाथ : म्हणून ती गाडी पायजे मला. तू आलीवतीस की बघायला कोल्हापूरला.

जयाबाई : आलते. लाज आणलीसा तुमी. दुकानातनं तांब्या घेऊन गेलासा, शोरूममधल्या फिल्टरचं पाणी काठोकाठ भरून घेतलंसा आणि मांडीवर धरून बसलासा. ते पोरगं बॅटरीचं, चार्जिंगचं सांगतंय, आणि तुमचं ध्यान सगळं तांब्यात.

पार्श्वनाथ : सांडलं काय पाणी?

जयाबाई : न्हाय सांडलं.

पार्श्वनाथ : स्पीड ब्रेकरवरनं गेली तरी एक थेंब न्हाय. आवाज न्हाय, हिसका न्हाय, डिझेलचा वास न्हाय. तवाच ठरवलं, ब्राह्मीला आणीन तर ह्यातनंच आणीन.

जयाबाई : मग लावा की त्या पोराला फोन. आपणच इचारू.

पार्श्वनाथ : लावलता सकाळी.

जयाबाई : काय म्हणाला?

पार्श्वनाथ : तेच. गाडी आली की बुकिंग ज्यांच्या नावावर हाय त्यांच्या नंबरला फोन जातोय. दुसऱ्या कुणाला आम्ही सांगत न्हाय म्हणाला.

जयाबाई : दुसरं कोण? नंबर तुमचाच की.

पार्श्वनाथ : चटणी कुठं ठेवलीस?

जयाबाई : तुमच्या म्होरंच हाय. नंबर तुमचा न्हाय?

पार्श्वनाथ : आता हे बघ. सदलगा कर्नाटकात, शोरूम महाराष्ट्रात. तिकडचं पासिंग करायचं तर तिकडचा पत्ता लागतोय. आपल्याकडं सगळीच माणसं असं करत्यात. नदीपल्याड पाव्हणा असला की त्याच्या पत्त्यावर घ्यायचं. त्या पाटलाच्या थोरल्यानं न्हाय घेतली, दत्तवाडच्या मामाच्या नावावर?

जयाबाई : पाटलाचं सोडा. तुमी कुणाच्या नावावर घेतलीसा?

पार्श्वनाथ : दाजींच्या.

जयाबाई : कुरुंदवाडच्या?

पार्श्वनाथ : मला दाजी एकच हाईत.

जयाबाई : बिड्री, सोडा! काय माणूस हाय हा! म्हणजे गाडी आली तर फोन वन्संच्या घरी जाणार?

पार्श्वनाथ : दाजींच्या मोबाईलवर.

जयाबाई : आणि डोहाळजेवणापासनं तुमी भैण-भाऊ एकमेकांशी बोलत न्हाईसा.

पार्श्वनाथ : ती बोलत न्हाय. मी कुठं बंद केलंय?

जयाबाई : पाच म्हैने झाले मी ह्या माणसासंगं गाडीची वाट बघायले. रोज देवाला सांगायले, बाबा, गाडी येऊ दे. मला आज कळायलंय की गाडीची न्हवं, वन्संच्या फोनची वाट बघायचं चाललंय.

पार्श्वनाथ : दाजी कळवतील की. येव्हार वेगळा, राग वेगळा.

जयाबाई : तुमी सोता त्यांच्या जागी असता तर कळवलं असतंसा?

पार्श्वनाथ : थोडं ताक दे.

जयाबाई : बघा. लावा फोन.

पार्श्वनाथ : काय म्हणून लावू? दोन म्हैने इचारलं न्हाय, आणि आता गाडी पायजे म्हणून भाऊ आठवण काढतोय म्हणंल.

जयाबाई : म्हणू दे. खोटं हाय काय त्यात? आणि चूक कुणाची हाय? भाचीचं डोहाळजेवण. आत्याला आवतण द्यायला भावानं सोता जायचं असतंय, कुंकवाचा करंडा घेऊन. तुमी काय केलासा? दाजींच्या व्हॉट्सॲपवर कार्ड धाडून दिलंसा.

पार्श्वनाथ : लगीनसराई हुती. दुकानात भांड्यांवर नावं घालायला माणसं रांगेत उभी हुती. आणि ती काय परकी हाय?

जयाबाई : परक्यांच्या घरी गेलतासा की! त्या चिक्कोडीच्या भांड्यांच्या एजंटाच्या घरी आवतण द्यायला सोता जाऊन आलासा. वन्संनी तरी फोन करून इचारलं, "आण्णा, कधी येतोयस?" तर काय म्हणालासा?

पार्श्वनाथ : मी गडबडीत हुतो.

जयाबाई : "कार्ड बघितलं न्हाईस काय?" म्हणालासा. मी हितंच उभी हुते. ज्या बाईनं आपल्या पोरासाठी, साईराजसाठी ब्राह्मीला मागितली, तुमी न्हाय म्हणालासा, तरी लग्नात हळदीपासनं पाठवणीपर्यंत कंबर मोडस्तोवर राबली, तिला असं बोलायचं? मी असते तर मी बी आले नसते.

पार्श्वनाथ : तू तिच्या बाजूची हाईस.

जयाबाई : मी ब्राह्मीच्या बाजूची हाय. ऊन गेलं बघा भिंतीवरनं. परशराम आता पारावर बसला असंल. येक तर त्याला फोन लावा, न्हायतर वन्संला. दोन्ही न्हाय केलंसा तर मी आत्ता पदर खोचून एसटी स्टँडवर जाते आणि जाऊन बसते पोरीजवळ. बाळंतपण तिकडंच हुंदे.

पार्श्वनाथ : दे तो चष्मा. नंबर दिसंना.

जयाबाई : स्पीकरवर ठेवा. मला ऐकायचंय.

पार्श्वनाथ : वाजतोय... उचलत न्हाय. ठेवतो.

जयाबाई : ठेवू नगा!

मंगल : हॅलो.

पार्श्वनाथ : मंगल? मी बोलतोय. आण्णा.

मंगल : नंबर हाय की माझ्याकडं. आण्णाच बोलतोय का दुसरं कोण, तेवढं बघत हुते.

पार्श्वनाथ : बरं हाय न्हवं? दाजींची शुगर कशी हाय?

मंगल : बरी हाय.

पार्श्वनाथ : ऊस गेला काय कारखान्याला?

मंगल : गेला. आण्णा, गाडीचं इचारायला फोन केलायस. इचार.

पार्श्वनाथ : तसं न्हवं गं...

मंगल : तसंच हाय. आली गाडी.

पार्श्वनाथ : आली? जया, आली बघ! कवा आली?

मंगल : गेल्या आयतवारी फोन आला ह्यांना. हे लगेच तुला कळवायला निघालते. मीच हात धरला. म्हटलं, नगो. गाडी त्याची हाय, गरज त्याची हाय, तो करील. गाडीसाठी का हुईना, आण्णा फोन तर करील. रोज फोन उशाला घेऊन बसले. त्यांचा परत फोन आला तर मीच म्हटलं, जरा कळ काढा, भाऊ येणार हाय माझा.

पार्श्वनाथ : मग उद्या सकाळी मी येतो, दाजींना घेऊन जाऊ कोल्हापूरला.

मंगल : काल दिली त्यांनी. दुसऱ्या गिऱ्हाइकाला. वाट बघून बघून त्यांनी बी किती बघायची? आता परत नंबर लागायचा तर पाडव्याच्या म्होरं म्हणालेत.

(दारात परशरामच्या जीपचा हॉर्न वाजतो.)

मंगल : बोल की. शिव्या दे. काल रातभर मला झोप न्हाय. आण्णाची हौस मोडली मी, म्हणून रडले. पर राग बी जाईना माझा.

पार्श्वनाथ : हौस न्हवती गं ती.

मंगल : मग काय? टेम्पो म्हातारा झालाय, आता मोटारीत बसून दुकानाला जातो, असं सांगूनच सह्या घेतल्यास की ह्यांच्या.

पार्श्वनाथ : ब्राह्मीला आणायला पायजे हुती. तवा नुकतेच दिवस ऱ्हायलेते. मागच्यागत हुईल म्हणून भ्यालो, कुणालाच सांगितलं न्हाय. परवा आठवा लागतोय. उद्या आणायचीय.

मंगल : ब्राह्मीसाठी? आण्णा! ब्राह्मीसाठी हाय म्हणाला असतास तर मी त्या शोरूमच्या दारात फतकल मारून बसले असते की रं. चाकाखाली झोपले असते, पर गाडी हलू दिली नसती. काय केलं हे मी? वैनी, वैनी हाय काय तिथं?

जयाबाई : हाय वन्सं, ऐकायले.

मंगल : मला ठाव न्हवतं ओ. ब्राह्मीच्या शपथेवर सांगते.

जयाबाई : शपथ घालू नगा तिची. गाडी दाजींच्या नावावर हाय, हे मला तरी कुठं ठाव हुतं? ह्यांनी सगळं पोटात ठेवलं. तुमची काय चूक न्हाय.

पार्श्वनाथ : माझी हाय. मी यायला पायजे हुतो करंडा घेऊन. लगीनसराई दर वर्षी येती. मंगल, चुकलं माझं.

मंगल : आता कशातनं आणणार तिला?

जयाबाई : परशरामची जीप हाय. दारातच उभा हाय तो, हॉर्न मारायलाय. पर ह्यांना धीर हुईना. तांब्यातलं पाणी सांडंल म्हणत्यात.

मंगल : कसला तांब्या?

जयाबाई : सांगते भेटल्यावर. हसून पोट दुखंल.

मंगल : जीप तर जीप. मागं दोन गाद्या टाका. मी बसते गाद्यांवर आणि ब्राह्मीला माझ्या मांडीवर घेते. न्हानपणी तापात असली की माझ्याच मांडीवर झोपायची ती, वैनीला ठाव हाय. हिसके बसले तर मला बसतील. परशरामला सांगा, हळू चालव. दिवसभर लागूदे की. कुणाला गडबड हाय?

पार्श्वनाथ : तू येतीस?

मंगल : आवतण कुठं दिलंयस अजून? का कार्ड धाडणार हाईस?

पार्श्वनाथ : ए परशराम! थांब, जाऊ नगोस! उद्याची गाडी पक्की हाय आमची. व्हय, अनगोळला. पर आधी कुरुंदवाड. न्हाय न्हाय, बरोबर ऐकलायस. उलटी वाट हाय, ठाव हाय मला. पडू दे उलटी. जया, करंडा काढून ठेव.