सहा पौंडांची नोट

नाही गं, कडेकडेनं धरायची काही गरज नाही, प्रीता — धर बिनधास्त, आता तिला काय होणार आहे? तुझी आई म्हणाली, आमची पोर म्युझियममध्ये जुने कागद दुरुस्त करते, म्हटलं देवच पावला. मराठी कळतं ना सगळं? बोलायला नाही जमलं तरी चालेल, आमचा वीरसुद्धा इंग्लिशमध्येच उत्तरं देतो — हां, तर ही न्यू जर्सीची, १७७६ सालची. सहा पौंड, तेव्हा इथं अमेरिकेत पौंडही चालायचे. या तीन सह्या बघ, हातानं केलेल्या, नंबरसुद्धा हातानं टाकलाय. मागे खऱ्या पानाचा ठसा, म्हणजे त्या शिरा कुणाला हुबेहूब काढता येऊ नयेत, आणि खाली छापलंय — नक्कल कराल तर मृत्युदंड. अकरा वर्षं शोधत होतो मी ही नोट. आणि मे महिन्यात बाबांनी ती लॅमिनेट केली.

हसलीस तरी चालेल, ऑफिसात सगळे हसले. पण आपल्याकडे ना, महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेशन — माझी दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, आईचं रेशनकार्ड, सगळं बाबांनी स्वतः नेऊन करून आणलेलं. आणि मशीन घरातच होतं. नेत्रा, म्हणजे माझी बायको, रविवारी मराठी शाळा घेते ना, तिच्या मुलांसाठी बाबा अक्षरांची कार्डं करायचे — या घरात त्यांचं तेवढंच एक काम. गाडी चालवता येत नाही, बाहेर हा रेडमंडचा पाऊस, दिवसभर करणार काय माणूस? मी ग्लव्ह्ज घालून नोट काढतो हे बघितलं त्यांनी. म्हणाले असतील, पोराला किती ते टेन्शन, कायमचं सोडवू. माझ्या वाढदिवसाला ताटातून घेऊन आले. वर अक्षता. आणि चेहरा तर असा की विचारू नकोस.

मी काही ओरडलो नाही. म्हणजे — तुझी आई होतीच की तिथं, सांगितलं असेल तिनं. नाही सांगितलं? काहीच नाही? ...मोठ्या मनाची आहे शैलजाताई. बरं, मग मीच सांगतो. ओरडलो मी. दहा-बारा माणसांसमोर. म्हटलं, तुम्हाला कागदातलं काय कळतं? — चौतीस वर्षं, प्रीता! चौतीस वर्षं हा माणूस वर्ध्याला तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये होता. पुराचं पाणी शिरलं तेव्हा लोकांचे सात-बारा डोक्यावर घेऊन उभा राहिला होता. आणि त्याला मी विचारतो, कागदातलं काय कळतं. जीभ झडायला हवी होती माझी.

तेव्हापासून कशाला हात लावत नाहीत. फ्रिज उघडू का, टीव्ही लावू का — स्वतःच्या मुलाच्या घरात! कार्डांचं काम 'ठ'पर्यंत आलं होतं, तिथंच राहिलं. मी माफी मागितली, रोज मागतो, ते म्हणतात, अरे तुझं बरोबरच होतं. गुरुवारी फ्लाइट आहे. दर वेळी जाड कोट इथंच कपाटात ठेवून जातात, पुढच्या खेपेला होईल म्हणून. काल बघितलं तर बॅगेत भरलाय. वर्ध्याच्या उन्हात कोट काय करायचाय? एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, नाही येणार गं पुन्हा.

म्हणून म्हणतो, हे प्लास्टिक काढता येईल का? थोडं गरम करून? काहीतरी केमिकल असेल... काय म्हणतेस, सह्या निघून येतील? प्लास्टिकलाच चिकटून. हं. वाटलंच होतं. दुसरी तशीच विकत आणून दाखवावी असंही आलं मनात, पण नंबर त्यांनी डायरीत उतरवून घेतलाय — रेकॉर्ड रूमचा माणूस. नाही फसणार.

मग एक कर. नुसतं सांग त्यांना. होईल म्हणून, दोन महिन्यांत सुटेल म्हणून. तू म्युझियमची आहेस, तुझ्यावर विश्वास ठेवतील, हलक्या मनानं विमानात बसतील, एवढंच हवंय मला — थांब, आले वाटतं. या बाबा, या ना. ही प्रीता, शैलजाताईंची मुलगी. नोट बघायला आली होती. ती म्हणते — सांग ना, प्रीता. इंग्लिशमध्ये सांग, त्यांना कळतं. अगं, मान कसली हलवतेस? एक वाक्य, बेटा... बाबा, तिला अजून नीट बघायचंय, तिला — बाबा, हे काय, हात नका जोडू तिच्यापुढे. लहान आहे ती. चूक तुमची नाही हो, तुमची नाही — प्रीता, तू निघ आता. निघ तू.