अंगठ्याएवढी कोरी जागा

फादर, नेल्सन आणि जमलेल्या सगळ्या काका-काकूंनो, एवढ्या थंडीत तुम्ही शॉमबर्गच्या या चर्चपर्यंत ड्राइव्ह करून आलात. मला माइकवर बोलायची सवय नाही. लॅबमध्ये दिवसचे दिवस गप्प बसणारी मी. पण फिलोमिनामावशींबद्दल आज बोलले नाही, तर मलाच चैन पडणार नाही.

मी नागपूरची. इथे अमेरिकेत केमिस्ट्रीत पीएचडी करायला आले आणि मावशींच्या हाताखाली म्युझियमच्या लॅबमध्ये जुने कागद दुरुस्त करायला शिकले. मावशी वसईच्या, पक्क्या कॅथलिक. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासमोर बरोक काळातलं, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीचं, युरोपातलं एक चित्र ठेवलं. क्रुसावरचा येशू, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेला. "भिंगातून बघ," म्हणाल्या. मी बघितलं आणि बघतच राहिले. रंग नाही, काही नाही. नुसत्या रेघा! केसाहून बारीक रेघा, आणि त्यांतूनच जखमा, त्यांतूनच अश्रू. अहो, हे माणसाच्या हाताने केलं?

पायांवर मात्र तेलकट डाग होता. तिथल्या रेघा पुसट झालेल्या. मी हुशारी दाखवत कापसाचा बोळा भिजवला. मावशींनी माझं मनगटच धरलं.

"अगं थांब! तो डाग नाहीये. चर्चमधली मोठी पेंटिंग्ज लांबून बघायची. हे चित्र गरिबाच्या घरात असायचं. रोज त्या पायांचं चुंबन घ्यायचे लोक. तू कुणाची तरी प्रार्थना पुसायला निघालीस!"

बोळा मी खाली ठेवला.

गेल्या शनिवारी मावशी गेल्या. परवा नेल्सन, त्यांचा मुलगा, त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन लॅबमध्ये आला. आत तसंच एक जुनं, छोटं चित्र. मरियामातेचं. मावशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्या आईने दिलेलं. चेहरा पार गेलेला.

"ताई, कॅन यू फिक्स हर फेस? मॉमच्या मेमोरियल सर्व्हिसला ठेवायचंय."

मी ते भिंगाखाली घेतलं. डोक्याभोवतीचे किरण शाबूत. जोडलेले हात शाबूत. मधे फक्त अंगठ्याएवढी कोरी जागा. रोज प्रार्थनेत तिथे टेकलेला मावशींचा अंगठा. त्यांच्या आईचा. त्याआधी कुणाकुणाचा, काय माहीत? किती दुखणी, किती काळज्या तिथे टेकल्या असतील? दिवसभर मी नुसती बसून राहिले.

मावशी, मी काही केलं नाही हो. नेल्सनला तुमची ती गोष्ट सांगितली. तो रडला आणि म्हणाला, "लीव्ह इट."

ते चित्र तिथे टेबलावर आहे. आमच्या कामात असं काही कुणाला शिवू द्यायचं नसतं. पण आज नेल्सनने चित्राच्या फ्रेमची काच काढून ठेवली आहे. आधी दोन मिनिटं शांत उभे राहू. मग एकेक जण पुढे या. मावशींचा अंगठा जिथे टेकायचा, तिथे तुमचा टेकवा.