लंडनची सवय, बर्मिंगहॅमची बस

मी मूळचा नाशिकचा, सातपूरला कंपनीची स्टाफबस चालवायचो, एखाद्या मॅडमची वेणी घालायची राहिली असली तरी गल्लीच्या तोंडाशी गुपचूप थांबणारा माणूस होतो मी, हे आधी लिहून घ्या. बायको नर्स, तिला इकडं हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्या मागोमाग मी आणि कडेवरची सई लंडनला आलो. परीक्षा देऊन बसचं लायसन काढलं.

लंडन म्हणजे काय सांगू तुम्हाला, प्रत्येकाला आधीच उशीर झालेला. पुढच्या दारानं चढणार, कार्ड टेकवणार, मधल्या दारानं उतरून पसार. ड्रायव्हरशी कोणी बोललंच तर ते भांडायला. मग आपण काय करायचं, आरशात बघायचं, दार लावायचं, निघायचं. वर्षानुवर्षं तेच केलं, आणि त्यात वाईट काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

पुढं घर परवडेना म्हणून बायकोनं बर्मिंगहॅमला नोकरी घेतली. इथं बसला एकच दार. उतरणारा प्रत्येक जण माझ्या शेजारून जातो आणि थँक्यू ड्राइव्ह म्हणतो, इथं ड्रायव्हरला ड्राइव्हच म्हणतात, म्हातारी म्हणते, शाळेतली पोरं म्हणतात, अहो, म्हणायला थांबतातसुद्धा, मागं रांग लागली तरी फिकीर नाही! मला वाटायचं चेष्टा करतात की काय. बायको म्हणायची, अहो मान तरी हलवा, तोंडाला कुलूप लावलंय का. मी म्हणायचो, गाडी चालवू का सत्कार घेत बसू. फार शहाणा मी.

मागच्या महिन्यात सई कॉलेजच्या मैत्रिणीला घेऊन माझ्याच बसमध्ये चढली. मी खूश. त्यांचा स्टॉप आला तेव्हा मागं एक टॅक्सीवाला हॉर्न मारत होता, माझे डोळे आरशात. उतरताना सई थँक्यू बाबा म्हणाली म्हणे. म्हणे अशासाठी, की माझं लक्षच नव्हतं. खाली उतरल्यावर मैत्रिणीनं तिला विचारलं, तू त्या ड्रायव्हरला ओळखतेस का, आणि सई म्हणाली, नो. दार अजून उघडं होतं. थँक्यू ऐकू आलं नाही, नो मात्र स्वच्छ ऐकू आलं.

घरी येऊन वर मीच चिडलो, बापाला ओळख देत नाहीस? ती म्हणाली, बाबा, मी थँक्यू म्हटली, तुम्ही बघितला पण नाही, मला लाज वाटला. इथंच वाढलेली पोर, मराठी तिचं असंच. कुणाची लाज, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी सगळ्यांना उत्तर देतो, मान वळवून, हसून. पण ते हसतानाही मेल्यासारखं होतं हो, कारण जिच्यासाठी शिकलो ती माझ्या बसमध्ये बसत नाही. परवा स्टॉपवर उभी होती, मी दार उघडून हाक मारली, तर म्हणाली, तुम्ही जा बाबा, मी मागच्यानं येते. बोलली अगदी गोड. मागची बस एक पंजाबी पोरगा चालवतो, दिवसभर लोकांशी बडबडत असतो. तो तिला उत्तर देईल. सुखात राहू दे माझी पोर.