आईच्या अंगठ्याची राखण

नाही, पण तुम्हीच सांगा, सख्ख्या मुलीला आईच्या पायाजवळ बसायची बंदी, हे कुठं ऐकलंय? मी खोलीत पाऊल टाकलं की आई पायावर चादर ओढून घेते, आणि शेजारच्या खातूनचाची दारातच ठाण मांडून म्हणतात, "अक्कू बेटा, जो बोलना है, वहीं से बोल." वहीं से! माझ्याच घरात! आणि हे सगळं कशापायी, तर एका पट्टीपायी. पट्टी उघडायची नाही, एवढं एकच काम होतं हो माझ्याकडे...

थांबा, मुळापासून सांगते. आईला शुगर. शुगरवाल्यांचे तळपाय बधिर होतात, हे आम्ही बी.एस्सी.ला वाचलेलं, पण वाचणं वेगळं आणि चपलेतून वर आलेला खिळा पायात घेऊन आई दिवसभर कापूस वेचते, हे बघणं वेगळं. संध्याकाळी फरशीवर लाल ठसे बघून मी जी किंचाळले, तर ती मलाच विचारते, "काहून वं, पाल दिसली काय?"

अंगठ्याखालची ती जखम काही भरेना. अमरावतीत मलमं झाली, हळद झाली, शेवटी अकोल्याचे एक डॉक्टर गाठले. ते म्हणाले, ही नवी पट्टी लावून पाहू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. काढावा लागेल, असं, दाढ काढल्यासारखं! मी खुर्चीवरून थेट फरशीवर, डोकं गुडघ्यांत. अहो, मी बिटाची कोशिंबीरसुद्धा चष्मा काढून खाते, माझं काय होणार? वरून तुकडे ऐकू येत होते, "हायड्रोजेल... ओलावा धरून ठेवतं... आत अँटिबायोटिक आहे, ते हळूहळू जखमेत झिरपतं..." मग कानांत नुसती कुकरची शिट्टी. भानावर आले तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं, "बुधवारपर्यंत पट्टी उघडायची नाही." बास. तेवढं पकडलं, आणि घट्ट पकडलं.

पट्टी म्हणजे तुम्हाला सांगते, शहाळ्यातली मलईच, गार, लिबलिबीत, पांढुरकी. आणि आमच्याकडची माणसं... आजाऱ्याला भेटायला येऊन जखम न बघता जाणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं. खातूनचाची रोज यायच्या, "एक बार दिखा दे बेटा, मैं कुछ नहीं बोलती." म्हटलं, नाही चाची, पट्टी उघडायची नाही. समोरचे नत्थुजी काका आले, केळी घेऊन, शुगरवालीला केळी! म्हणाले, "पोरी, पाह्यलंच नाही तं समजीन कसं, दवाई लागू पडून राहिली का नाही? औंदा बोंडअळीचं काय झालं? वरून बोंड हिरवंगार, अन् फोडलं तं आत अळी. शेतकीच्या साहेबलोकायनंबी फोडूनच पाह्यलं." मी स्टुलावर ताठ बसून म्हटलं, काका, हे बोंड नाही, पट्टी उघडायची नाही. आई कौतुकानं म्हणाली, "माही पोरगी भेते सगळ्यायले, पण राखण चांगली करते."

करते ना! जगापासून करते.

मंगळवारी दुपारी लाईट गेलेली, आई झोपलेली, मी पायाशी. सहज खाली पाहिलं तर ती पट्टी फुगलेली, आणि रंग... पिवळट, गढूळ. पू! गेला अंगठा. अंगठ्यामागून पाऊल, पावलामागून पाय, मग आई कुबड्यांवर आणि कापूस वेचायला मी, जी गांडूळ दिसलं तरी बांधावर चढते. नत्थुजी काकांचं ते बोंड डोळ्यांपुढे नाचायला लागलं. वरून ठीक, आत अळी. वरून ठीक, आत अळी... आणि इथं तर वरूनही ठीक नव्हतं! मी स्वतःची समजूत घातली की नुसता कोपरा उचलणं म्हणजे काही उघडणं नव्हे. उचलला. तर अख्खी पट्टी अलगद माझ्या हातात. आईला पत्ताच नाही, पाय बधिर, ती मजेत घोरतेय. जागी झाली ती दारातून आलेल्या खातूनचाचींच्या आवाजानं, "आशाबाई, उठो, चोर घर में ही है."

मग काय, स्वच्छ फडक्यात पाय गुंडाळून अकोल्याची बस. खातूनचाची सोबत, कारण आईला माझ्या भरवशावर सोडायला त्या तयारच नव्हत्या. बसमध्ये आईनं पाय माझ्या बाजूकडून त्यांच्या बाजूला घेतला.

डॉक्टरांनी आधी जखम पाहिली, मग मला. "अहो, ती पिवळी होणारच, फुगणारच. जखमेतलं पाणी ओढून घेते, म्हणजे काम करते. हे सांगितलं होतं मी. तुम्ही नव्हता का तेव्हा?"

होते. खाली होते.

"कडा गुलाबी झाल्यात," ते आईला म्हणाले, "अंगठा वाचेल असं वाटतं. फक्त ही दुसरी पट्टी तरी राहू द्या." आई तपासायच्या टेबलावर उठून बसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "साहेब, त्यातली एक हिच्या डोळ्यायले लावा. नुसती माह्या पायाले लावून काही उपेग नाही."

डॉक्टर हसले, चाची हसल्या, कंपाउंडर हसला. मग डॉक्टरांनी जखम धुवायला घेतली आणि या पट्टीचं काय दिसेल, कशाला घाबरायचं, कशाला नाही, ते सगळं पुन्हा नीट समजावून सांगितलं. ते मात्र मला विचारू नका. खातूनचाचींना विचारा. मी होते तिथंच... पण खाली होते.